पाकिटावरचे महिने आणि पालीचा पाऊस

पाली आणि सुधागड तालुक्यातील वाचक परसबागेविषयी जे विचारतात त्याचा तपशील निरनिराळा असला, तरी मूळ बहुधा एकच असते. बियाण्याच्या पाकिटावर 'जून-जुलै' असे छापलेले असते, त्याबरहुकूम आपण जूनच्या अखेरीस बी टोचता, आणि आषाढाची झड लागली की बी जागच्या जागी कुजते, उगवलेली रोपे माना टाकतात, किंवा वेल नुसतेच पसरत जातात आणि फळाचा पत्ता नसतो. पाकिटावरचे महिने खोटे नसतात. परंतु ते बहुतकरून घाटावरच्या हवामानाला धरून छापलेले असतात, आणि तेथे सबंध वर्षात मिळून जेवढा पाऊस होतो तेवढा सरसगडाच्या पायथ्याशी एखाद्या जोरदार जुलैतच पडून जातो. त्यानंतर ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत आकाशातून फारसे काही मिळत नाही. म्हणून येथील भाजीचे पंचांग पाण्याच्या चालीवर बसवावे: पावसाळ्यात पाणी बाहेर काढण्याची तजवीज, दसऱ्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीचा हिशेब, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या ताकदीएवढीच लागवड. पुढील सूचना या क्रमाने दिल्या आहेत.

आधी जागा, मग बी

अंबा नदीच्या काठची मळईची जमीन आणि गडाच्या उताराकडची तांबडी वरकस जमीन यांत पुष्कळ अंतर असले, तरी अतिवृष्टीने चुना धुऊन जाऊन आम्लता वाढण्याचा दोष कमीअधिक प्रमाणात दोहोंकडे आढळतो. आम्लता अटकळीने ठरवू नये. मातीपरीक्षण करून घ्यावे. त्यासाठी झाडाची सावली, शेणखताचा ढीग आणि बांधाची कड टाळून, परसात चार-पाच ठिकाणी वीतभर खोल खड्डा करावा, त्याच्या एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यावी, सगळी माती एकत्र करून सावलीत वाळवावी आणि त्यातील अर्धा किलो कापडी पिशवीत भरून द्यावी. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कचेरीत किंवा किल्ला-रोहा येथील कृषी विज्ञान केंद्रात याची माहिती मिळते. चुना सांगितला गेल्यास तो मे महिन्यात, पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळावा आणि शेणखताबरोबर एकाच दिवशी घालू नये, कारण त्याने खतातील नत्र हवेत उडून जाते.

निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा फळभाज्यांना द्यावी. आंब्या-फणसाच्या सावलीत भेंडी लावून ती उंच वाढल्याचे समाधान पुष्कळजण मानतात. पण ती उंची उन्हाच्या शोधात वाढलेली असते आणि तिला भेंड्या लागत नाहीत. सावलीचा कोपरा अळू, हळद, आले आणि सुरण यांच्याकडे सोपवावा.

मृगाच्या आधी: रोपे पडवीत

मेअखेरीस वळवाची एखादी सर येते, मातीचा वास सुटतो, आणि उतावीळ माणूस त्याच संध्याकाळी बी टाकतो. पुढे आठवडाभर ऊन तापते आणि मोड आलेले बी जळते. उलटपक्षी मृगाचा पाऊस पुरता बसल्यावर पेरावे, तर कोवळ्या रोपाला मुळे धरण्यापूर्वीच पाण्यात उभे राहावे लागते. या दोन्ही संकटांतून निघण्याची वाट पडवीतून जाते. रोहिणी नक्षत्रात, म्हणजे २५ मेच्या सुमारास, काकडी, पडवळ, शिराळी, कारली आणि दुधी यांचे बी पळसाच्या पानांच्या द्रोणांत किंवा भोके पाडलेल्या पिशव्यांत, अर्धी माती आणि अर्धे चाळलेले शेणखत भरून, पागोळी लागणार नाही अशा बेताने पडवीत लावावे. कारली आणि पडवळ यांचे बी टणक असते. ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे. दोन खरी पाने फुटली आणि पाऊस सुरू झाला की द्रोणासकट रोप आळ्यात बसवावे. वांगी व मिरची यांची रोपेही याच सुमारास आडोशाला तयार करावी.

आळे म्हणताच घाटावर खळगा समजतात. पालीच्या पावसाळ्यात तेथे उंचवटा हवा:

- गादीवाफा मीटरभर रुंद, तीन मीटर लांब आणि निदान एक वीत उंच करावा. उताराच्या दिशेने दोन वाफ्यांमध्ये सरी ठेवावी.
- सरीचे तोंड कोठे निघते हे आधी पाहावे. ते शेजाऱ्याच्या हद्दीत किंवा त्याच्या भिंतीपाशी निघत असेल, तर भांडण दर पावसाळ्यात नवे होते.
- वाफ्यावर पातेरा किंवा भाताचा पेंढा पातळ पसरावा, म्हणजे पावसाच्या माऱ्याने माती उडून पानांवर बसत नाही. जाड थर देऊ नये, त्याखाली गोगलगायी मुक्काम करतात.
- गोगलगायींसाठी संध्याकाळी ओले गोणपाट वाफ्यांच्या कडेला टाकावे, सकाळी उलटून त्याखाली जमलेल्या वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ वाफ्यावर मात्र फेकू नये.

पाच माणसांच्या घराला पडवळाचे दोन, शिराळीचे तीन, काकडीचे तीन, कारलीचे तीन आणि दुधीचा एक वेल पुरे होतो. भेंडीची वीस-पंचवीस झाडे लावावी, आणि जुलैअखेर एखादी उघडीप पाहून तेवढीच पुन्हा लावावी. पाकिटात बी उरते म्हणून सगळेच पेरण्याचा मोह आवरावा. श्रावणात शेजाऱ्यांच्याही दारात दुधीच असतात.

वाणांच्या बाबतीत, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ साली झाली, आणि या पट्ट्यातील पावसासाठी त्याने काढलेली पडवळाची 'कोकण श्वेता', शिराळीची 'कोकण हरिता' आणि कारल्याची 'कोकण तारा' ही नावे विचारून घ्यावी. भेंडीचे पान पिवळे पडून शिरा उठून दिसणारा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि कोरड्या दिवसांत अधिक बळावतो. त्याला प्रतिकार करणारे 'परभणी क्रांती' किंवा 'अर्का अनामिका' घ्यावे.

मांडव, आणि फळ न धरण्याची तक्रार

वेल जमिनीवर सोडू नयेत. बांबूच्या चार मेढी, वर आडवे बांबू आणि त्यावर काथ्याची जाळी, एवढ्यावर पुरुषभर उंचीचा मांडव होतो. वेल मांडवाला पोचेपर्यंत बगलेतले फुटवे काढत जावे आणि वर गेल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे मांडवावर पसरतात. पडवळ वीतभर लोंबू लागले की त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधण्याची रीत आपण जुन्या परसांत पाहिली असेल. ती निव्वळ शोभेची नाही: न बांधलेले पडवळ वेटोळे घेत जाते, आणि ते चिरताना व आतला गर काढताना घरातील माणूस वैतागतो. दगड मात्र सुपारीएवढाच असावा. जड झाल्यास देठ तुटते.

आता सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न: फुले पुष्कळ येतात, फळ धरत नाही. या वेलांना नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. बारीक लांब देठाचे ते नर, आणि पाकळ्यांच्या मागे इवलेसे फळ घेऊन आलेले ते मादी. पहिले आठ-पंधरा दिवस बहुधा नर फुलेच येतात, तेव्हा ती गळली म्हणून काळजीचे कारण नसते. मादी फुले येऊनही त्यांच्या मागचे फळ पिवळे पडून गळत असेल, तर पावसात मधमाश्या फिरत नाहीत हे कारण धरावे आणि परागीभवन हाताने करावे. येथे वेळेची गफलत फार होते. काकडी, कारली, लाल भोपळा आणि घोसाळी यांची फुले सकाळी उमलतात. शिराळी, दुधी आणि पडवळ यांची संध्याकाळी किंवा त्यानंतर. तेव्हा काकडीच्या वेलाशी उन्हे येताच जावे आणि शिराळीच्या वेलाशी दिवेलागणीला. ताजे उमललेले नर फूल खुडावे, त्याच्या पाकळ्या मागे सारून परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. एका नर फुलाने दोन-तीन मादी फुले होतात. इतके करूनही केवळ पानोळाच वाढत असेल, तर खत, विशेषतः युरिया, जास्त पडलेला असतो. तो ताबडतोब थांबवावा.

फळ धरून नंतर वाकडे होणे, आतून सडणे आणि त्यात अळ्या निघणे हे फळमाशीचे काम आहे. तिच्यासाठी सापळे मिळतात, पण खरेदी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आंब्याच्या फळमाशीला आकर्षित करणारे मिथाइल युजेनॉलचे आमिष वेलभाज्यांच्या माशीला लागू पडत नाही. दुकानात 'फळमाशीचा सापळा द्या' एवढेच म्हटल्यास आंब्याचा हाती पडण्याचा संभव असतो. आपण 'वेलभाज्यांसाठी, क्यू-ल्यूरचा' असे स्पष्ट मागावे. सडलेली फळे मांडवाखाली पडू देऊ नयेत किंवा खतखड्ड्यातही टाकू नयेत. ती बंद पिशवीत घालून उन्हात ठेवावी. कारली बोटाएवढी झाल्यावर त्यांना जुन्या वर्तमानपत्राची नळी घालण्याचा उपाय पावसाच्या उघडिपीत चांगला चालतो.

ऋषिपंचमीचा हिशेब

भाद्रपदात गौरी-गणपती आणि ऋषिपंचमी एकापाठोपाठ येतात. ऋषीच्या भाजीला बैलाच्या श्रमाचे काही चालत नाही, म्हणून परसात कुदळीने खणून पिकवलेली भाजी त्या दिवशी मोलाची ठरते. काकडीला तोडणीस येण्यास सुमारे पन्नास दिवस, भेंडीला पंचेचाळीस ते पन्नास आणि पडवळाला दोन महिन्यांहून थोडे अधिक लागतात. ऋषिपंचमी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये येत असल्याने मृगातील लागवड तेथे नीट पोचते. मात्र लाल माठ ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उघडीप पाहून पुन्हा पेरावा, कारण जूनचा माठ तोवर निबर झालेला असतो.

अळू मोरीच्या पाण्यावर वाढवण्याची कोकणातील चाल सोयीची आहे; भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी त्याला द्यावे, साबणाचे टाळावे. घशाला होणारी खाज त्यातील सूक्ष्म स्फटिकांमुळे होते, आणि चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवल्याने ती कमी होते. रानभाज्यांच्या बाबतीत एवढेच सांगतो, की टाकळा, कुर्डू, फोडशी आणि कंटोली ही ज्यांना ओळखता येतात त्यांनी तोडावी, बाकीच्यांनी बाजारपेठेत बसणाऱ्या कातकरी-ठाकूर बायांकडून घ्यावी आणि रांधण्याची रीतही त्यांनाच विचारावी; शेवळे काकडांवाचून शिजवल्यास जिभेवर काय गुदरते ते त्यांना पुरते ठाऊक असते. कुंपणावर चढणाऱ्या सुंदर फुलांच्या कळलावीचा कंद विषारी आहे. तो रताळे किंवा कंदमूळ समजून कधीही उकडू नये.

दसऱ्यानंतर: ओल, वाल आणि मर

हस्ताचा पाऊस ओसरला की परसाला खरा सुकाळ येतो. मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक, टोमॅटो, वांगी आणि मिरची यांची वेळ ही. जी मेथी श्रावणात चार वेळा कुजली ती आता एकदा पेरून पुरते. धणे पेरण्यापूर्वी चपलेखाली हलके रगडून दोन दले वेगळी करावी.

परंतु पालीचे हिवाळ्यातील मुख्य पीक वाल. भात कापल्यावर, चित्रा-स्वातीच्या सुमारास, खाचरात उरलेल्या ओलीवर तो टोचला म्हणजे पुढे पाण्यावाचूनही येतो. परसात दोन-तीन वाफ्यांवर तो अवश्य करावा. विद्यापीठाची 'कोकण भूषण' शेंगेच्या भाजीसाठी, आणि दाण्यासाठी गावचा कडवा वाल. मावा पडल्यास पहिल्या दिवसांतच शेंडे खुडून नष्ट करावे आणि पहाटेच्या दवावर चाळलेली राख धुरळावी. माघी चतुर्थीला बल्लाळेश्वराची यात्रा भरते त्या सुमारास शेंगा भरलेल्या असतात, आणि तेव्हा भांबुर्ड्याच्या पाल्यात, मीठ व ओवा घालून, मडके उपडे ठेवून लावलेल्या पोपटीला दुसरी तोड नाही. शेंगा ताज्या, त्याच दिवशी तोडलेल्या असाव्यात आणि मडके मातीचेच. पत्र्याच्या डब्यातील पोपटी ही सोय आहे, चव नव्हे, असे माझे मत आहे.

टोमॅटो, वांगी व मिरची हिरवीगार असताना भर दुपारी एकाएकी कोमेजतात आणि चार दिवसांत वाळतात, ही कोकणातील जुनी व्याधी आहे. पाणी कमी पडले असे समजून आपण पाणी वाढवता आणि रोग शेजारच्या झाडांकडे वाहून नेता. ओळख सोपी आहे. कोमेजलेल्या झाडाचे खोड बुडाशी कापावे आणि त्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात लोंबत धरावा. काही मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधाळ धागे खाली उतरू लागले, तर ती जीवाणूजन्य मर आहे. त्यावर खात्रीचे औषध नाही, आणि कोणी विकू लागल्यास घेऊ नये.

- झाड मुळासकट उपटून जाळावे, खतखड्ड्यात टाकू नये.
- त्या वाफ्यावर निदान तीन वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा यांपैकी काहीच लावू नये. मका, वाल किंवा पालेभाजी घ्यावी.
- हौस आवरत नसेल तर नवी माती भरलेल्या कुंडीत लावावी, किंवा रानवांग्यावर कलम केलेली रोपे मिळतात का ते पाहावे.

फवारणीसाठी घरी निंबोळी अर्क पुरे: पन्नास ग्रॅम निंबोळीचे कूट एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावे, फडक्यातून गाळावे, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. दुकानातील कीटकनाशक घ्यावेच लागले, तर डब्यावरील चौकोनातील त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. लाल व पिवळा परसात येऊच देऊ नये, आणि फवारणी व तोडणी यांच्यामध्ये लेबलावर दिलेले दिवस काटेकोर पाळावे.

उन्हाळा

येथे थोडक्यात सांगण्यासारखेच आहे. विहिरीचे पाणी चैत्रात किती उतरते ते पाहून लागवड ठरवावी. चवळी, गवार, लाल माठ आणि दोन काकड्या, पेंढ्याचे जाड आच्छादन, आणि दोन वेलांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरलेले, भेगा पडलेले नव्हे तर धड पण झिरपणारे मातीचे मडके. पाणी संध्याकाळी द्यावे. वानरांचा उपद्रव याच दिवसांत वाढतो. जाळी लावावी, पण कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे आणि त्याने माणसे मेली आहेत.

स्वयंपाकघरापर्यंत

- दुधी, काकडी आणि घोसाळे चिरण्यापूर्वी कच्चा कपटा जिभेला लावून पाहावा. कडू लागल्यास फळ फेकून द्यावे. हा कडूपणा विषारी असतो आणि शिजवून, मीठ लावून किंवा साखर घालून जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाले आहेत.
- जून काकडी टाकू नये. किसून, गूळ आणि तांदळाच्या रव्यात धोंडस करावे. शिराळीच्या शिरा व दुधीची साल तिळाबरोबर परतून चटणीला.
- लाल भोपळा व कोहळा देठासह तोडून टांगून ठेवल्यास महिनोन्महिने टिकतात.
- वाल साठवण्यापूर्वी तांबड्या मातीच्या कालवणात घोळून कडक उन्हात वाळवावे, म्हणजे किडा धरत नाही. सुके वाल कच्चे खाऊ नयेत. भिजवलेले पाणी टाकून, मोड आणून, सोलून शिजवावे.

बी राखणे, बी विकत घेणे आणि आपले हक्क

सरळ वाणाचे बी घरी राखता येते. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असे असेल तर पुढच्या पिढीत गुण फुटतात, म्हणून ते राखण्यात अर्थ नाही. निरोगी वेलावरचे दुसरे-तिसरे फळ खूण बांधून पिकू द्यावे. सगळे चांगले खाऊन उरलेल्या अखेरच्या किडक्या फळाचे बी ठेवण्याची सवय फार घरांत आहे. वाळवलेले बी राख घालून बाटलीत ठेवावे.

वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ याच्या कलम ३९ अन्वये शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा व विकण्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नावाच्या पाकिटात भरून विकणे तेवढे वर्ज्य आहे. शेजारणीला मूठभर वाल देण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

विकतचे बी घेताना:

- पावती मागून घ्यावी. बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ प्रमाणे विक्रेत्याने ती देणे बंधनकारक आहे. तीत वाण आणि लॉट क्रमांक असावा.
- पाकिटावरील चाचणीची तारीख व वैधतेची मुदत पाहावी.
- पेरणीपूर्वी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण तपासावी. प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवण वांगे-टोमॅटोला ७०, भेंडीला ६५ आणि मिरची व वेलवर्गीय भाज्यांना ६० टक्के धरलेली आहे. वीसांत दहाच उगवल्या, तर दोष पावसावर घालू नये.
- पाकीट, लेबल आणि थोडे बी पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावे. त्याखेरीज तक्रार टिकत नाही.

दाद मागायची झाल्यास प्रथम विक्रेत्यास लेखी कळवावे आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. तेवढ्याने न भागल्यास अलिबाग येथे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस फी पडत नाही. सदोष बियाण्याबद्दल शेतकरीही ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. चौकशीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा क्रमांक आहे.

उरलेली भाजी विकावीशी वाटल्यास, फळे व भाजीपाला २०१६ पासून महाराष्ट्रात बाजार समितीच्या नियमनातून वगळलेला असल्याने, ती थेट गिऱ्हाइकाला विकण्यास हरकत नाही. परंतु त्याच भाजीचे लोणचे किंवा सांडगे करून देवळाच्या वाटेवर मांडायचे असतील, तर तो अन्नव्यवसाय होतो आणि अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नोंदणी आधी करून घ्यावी लागते.